आतून ठोकलेला पत्रा

त्या उन्हाळ्यात मी तिशीला टेकलो होतो आणि कारंज्यात पत्र्याच्या पेट्या करून विकत होतो. आता आमच्या भागाला वाशीम जिल्हा म्हणतात. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यातले होतो आणि सरकार नागपुरात बसायचं. लग्नसराईत पेट्या, एरवी बादल्या, चाळण्या, धान्याच्या कोठ्या, असं माझं काम चालायचं. पण लढाईच्या काळात तीन वर्षं मी लष्कराच्या एका वर्कशॉपात काढली होती. ठेचलेल्या मोटारींचे पत्रे सरळ करणं, कार्बाईडच्या गॅसवर सांधे जोडणं, गंजलेला भाग कापून नवा बसवणं हे सगळं तिथे शिकलो. परत आल्यावर त्या विद्येचा काही उपयोग नव्हता. अख्ख्या तालुक्यात मोटारीच होत्या किती?

चैत्र संपत आला होता. एका सकाळी धनजकडचे एक पाटील दुकानात आले. वयानं माझ्याएवढेच, अंगानं सडपातळ, बोलणं तुटक. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक पिकअप गाडी होती. पुढे दोघांची बसायची जागा, मागे उघडा हौदा. सात वर्षांपासून ती जागची हलली नव्हती. इंजिन काढून त्यांनी अकोल्याला पाठवलं होतं. अंग मात्र गंजानं खाल्लं होतं, ते मी नीट करून द्यावं, अशी त्यांची मागणी होती.

सात वर्षं उभी काहून ठेवली, असं मी सहज विचारलं.

"भावाची होती," ते म्हणाले आणि एका अर्धवट पेटीचं झाकण उघडून आत पाहत राहिले. आत काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी बैलगाडीत कार्बाईडची टाकी, नळ्या, हातोडे, लाकडी मोगऱ्या, पत्राकात्री आणि नव्या पत्र्याच्या चार चादरी घालून मी निघालो. महिनाभराचं काम होतं. बायकोला सांगितलं, अक्षय्य तृतीयेला एक दिवस घरी येऊन जातो. तेही जमलं नाही.

पाटलांचं घर गावाच्या टोकाला होतं. घरामागे खळं, खळ्यापलीकडे टिनाचं एक शेड, आणि शेडमध्ये ती गाडी. मला वाटलं होतं, तिच्यावर कोंबड्या बसत असतील, आत कडबा भरला असेल. आमच्याकडे सात वर्षं रिकामी राहिलेली जागा कुणी सोडत नाही. पण गाडीत काही नव्हतं. कोंबडीची विष्ठा नव्हती, कोळ्याचं जाळंही नव्हतं. नुसता गंज. मडगार्डावरून बोट फिरवलं तर पापुद्रे भाकरीच्या करपलेल्या पोपड्यासारखे हातात आले. उजवी बाजू बरी होती. डावी बाजू, विशेषतः डावं दार, पार खाल्लेलं होतं.

"ह्या बाजूवर पडली होती," पाटील मागून म्हणाले.

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. थोरल्या भावानं ही गाडी हौसेनं आणली. दोन वर्षं चालवली. एका श्रावणात पाऊस सुरू असताना ते दूरच्या मुरमाड बरडावरचं शेत बघायला गेले, ते रात्री परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी नाल्यात सापडली, कारंज्याच्या रस्त्यावरच्या उतारापासून बरीच खाली, डाव्या कुशीवर. भाऊ आतच होते. बारा बैल लावून गाडी ओढून काढली आणि ह्या शेडमध्ये आणून सोडली. पूर आलेला दिसत असताना गाडी पाण्यात कोण घालतं, असं गाव म्हणत होतं. गाव आणखीही म्हणत होतं. पाटलांनी अंगठा तोंडाकडे नेऊन ते दाखवलं, आणि घाईनं हात खाली घेतला.

मी कामाला लागलो. पहिले आठ दिवस गंज खरवडण्यातच गेले. खरवडणी, तारेचा ब्रश, घासलेट, वाळूकागद. दिवसभर तोंडावर फडकं बांधूनही संध्याकाळी थुंकी तांबडी यायची. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना ठाऊक असेल, पत्रा उघडा पडत गेला की त्याच्यावर काय काय घडलं ते दिसायला लागतं. कुठे दगड लागला, कुठे फांदी घासली, कुठे कुणी अडाण्यानं हातोडा मारला. दगड बाहेरून लागला की पत्रा आत जातो. उजव्या बाजूला, टपावर, बॉनेटवर सगळीकडे असेच आत गेलेले खड्डे होते. नाल्यातल्या दगडगोट्यांचे.

डाव्या दाराचा खालचा भाग उघडा केला तेव्हा मी हातातलं काम थांबवलं. तिथे तीन फुगे होते. एकमेकांजवळ, नारळाच्या वाटीएवढे, बाहेरच्या अंगाला आलेले. मी दाराला हात लावून बराच वेळ बसलो. पत्रा आतून ठोकल्याशिवाय बाहेर येत नाही. आतल्या अंगाचा पत्राही नेमका तिथेच चेपलेला होता. कुणीतरी आत बसून ह्या दाराला लाथा मारल्या होत्या.

मला वाटलं, पाणी आत यायला लागलं तेव्हा पाटलांचे भाऊ ह्या बाजूला सरकले असतील. त्यांनीच मारल्या असतील. हे मी कुणाला बोललो नाही. ते तीन फुगे मोगरीनं ठोकून सपाट केले आणि जेवायला गेलो.

जेवण ओसरीवर मिळायचं. वाढायला पाटलांची बायको असायची. आतल्या दारापाशी त्यांची वहिनी, म्हणजे गेलेल्या भावाची विधवा, उभी राहायची. चाळिशीच्या आत-बाहेरची, उंच बाई. ती कधी बोलायची नाही. मी जेवत असताना ती माझ्याकडे न पाहता शेडकडे पाहायची.

त्या दिवशी मी ताक पीत होतो. खळ्यावर ऊन नुसतं पेटलं होतं, माणूस काय, कुत्रं दिसत नव्हतं. तेवढ्यात शेडमधून आवाज आला. टण्. थोडं थांबून पुन्हा, टण्. आणि तिसऱ्यांदा.

पाटलांनी मान वर केली नाही. त्यांच्या बायकोच्या हातातली पळी वाटीवर थांबली. वहिनी मात्र माझ्याकडे वळली, पहिल्यांदाच, आणि मला ऐकू आलं की नाही, ते माझ्या तोंडावर शोधू लागली.

मी जाऊन पाहिलं. तिन्ही फुगे परत बाहेर आले होते.

ह्यात जादू काही नाही. पत्रा एकदा ताणला गेला की त्याला जागा पुरत नाही. ठोकून आत बसवला तरी ऊन तापलं की तो उसळतो, आणि उसळताना वाजतो. वर्कशॉपात आम्ही असल्या पत्र्याला शिव्या घालायचो. उपाय ठरलेला असतो: ज्वाळेनं मधोमध लालभडक करायचं आणि वरून ओलं फडकं दाबायचं, म्हणजे तो आकसतो. मी तसंच केलं. दोन फुगे बसले. तिसरा, सगळ्यात खालचा, काही केल्या बसेना. रोज सकाळी बसवायचो, रोज दुपारी तो वाजायचा. बाराच्या नंतर, सगळं गाव सावलीला पडलेलं असताना, एकदाच. पुढे पुढे मी आधीच हातातलं काम ठेवून त्याची वाट पाहायला लागलो. पाहिली नाही तरी पाठ आपोआप ताठ व्हायची.

त्याच सुमाराला ती बुढी दिसायला लागली. खळ्याच्या कुपाटीपलीकडे, काट्यांच्या त्या कुंपणाबाहेर, बाभळीखाली ती बसायची. बाजूला काटक्यांची मोळी. हातभर बांगड्या, कपाळावर ओढलेली ओढणी; जवळच्या बंजारा तांड्यातली होती हे लांबूनच कळत होतं. ती गाडीकडे तोंड करून बसायची आणि ऊन कलल्यावर उठून जायची. मी एकदा तिला पाणी नेऊन दिलं. ती ते प्याली आणि पुन्हा गाडीकडे तोंड करून बसली.

मी पाटलांना विचारलं. ते म्हणाले की तिचा मुलगा त्यांच्याकडे बरडावरच्या शेताची राखण करायचा. भाऊ गेले त्याच दिवसापासून तोही सालाचे आगाऊ पैसे बुडवून पळाला. पीक उभं सोडून, कुणाला न सांगता. त्याला ह्या गाडीचं फार वेड होतं. भाऊ शेतावर गेले की तो गाडी पुसून काढायचा. म्हणून बुढीच्या डोक्यात बसलं की पोरगा गाडीपाशी येईल. एकदा ती दारात आली होती, तेव्हा पाटलांनी तिला हाकललं होतं. हे सांगताना ते चिडले होते, पण चीड बुढीवर नव्हती. कुणावर होती ते मला तेव्हा कळलं नाही.

डाव्या दाराचा वरचा भाग, खिडकीखालचा, मी सगळ्यात शेवटी घासला. चकचकीत पांढरा पत्रा उघडा केला, संध्याकाळ झाली म्हणून तसाच ठेवून झोपायला गेलो. सकाळी पाहतो तर त्याच्यावर गंजाचा हात उमटला होता.

पहिल्यांदा मला हसू आलं. उघड्या पत्र्याला घामेजला हात लावला तर दुसऱ्या दिवशी तिथे गंज धरतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. लावला असेल कुणीतरी. मी वाळूकागद मारून तो पुसला. दुसऱ्या सकाळी तो तिथेच होता. मग मी पुसून वर तेल लावलं. तिसऱ्या सकाळी तेलाखालून तो पुन्हा आला, आधी तळवा, मग दुपारपर्यंत एकेक बोट, तुळशीवृंदावनाच्या गेरूच्या रंगाचं. माझा हात मी शेजारी धरून पाहिला. माझा मोठा होता. आणि माझ्या उजव्या हाताची करंगळी लढाईच्या काळात पत्राकात्रीत गेलेली आहे, ह्या हाताला पाचही बोटं होती; डावा लावला तर अंगठा उलट्या बाजूला येत होता.

तरीही मी मनाला समजावलं असतं. पण त्या हाताची बोटं खाली होती. दारापाशी उभं राहून कुणी पत्र्यावर हात ठेवला तर बोटं वर येतात. तळवा वर आणि बोटं जमिनीकडे, असा हात फक्त एकाच तऱ्हेनं पडतो: गाडीत बसून खिडकीतून बाहेर काढला आणि दार घट्ट धरलं, तर.

त्या दिवशी मी दारापासून लांबच राहिलो. बाकीची गाडी घासून झाली होती, म्हणून तिला शेंदूर द्यायला घेतला. लोखंडाला पहिला हात शेंदराचा द्यायची तेव्हा पद्धत होती. जवसाच्या तेलात शेंदूर कालवायचा आणि ब्रशानं ओढायचा, म्हणजे गंज पुन्हा धरत नाही. दोन दिवसांत टप, बॉनेट, मडगार्डं, उजवं दार, सगळं शेंदरी झालं. डावं दार तेवढं उघडं राहिलं. वैशाखातल्या त्या करड्या खळ्यापलीकडे ती गाडी लांबून कशी दिसत असेल ह्याचा मी विचारच केला नव्हता. सकाळी गेलो तर पुढच्या चाकापाशी रुईची फुलं, अर्धी नारळाची वाटी आणि विझलेली उदबत्ती.

पाटील आले, त्यांनी ते पाहिलं आणि मला म्हणाले, "काढून टाका ते."

मागून त्यांची वहिनी आली होती. ती इतक्या जवळ कधी आली नव्हती. ती म्हणाली, "राहू द्या, भाऊजी." आवाज शांत होता, पण पाटील तसेच मागे वळले आणि घराकडे निघून गेले.

ती डाव्या बाजूला गेली. हात पाहिला. तिनं तो आधीच पाहिला असावा, कारण ती दचकली नाही. मग खाली वाकून तिसऱ्या फुग्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मिस्तरी, तुमी हे काम जाणता. दुपारी हे काहून वाजते?"

मी तिला ताणलेल्या पत्र्याचं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही यायच्या आधीपासून वाजते, सात वर्षांपासून. दर उन्हाळ्यात. घरातले ऐकतात आणि ऐकलं नाही असं करतात. ह्या वर्षी तिनंच दिराला सांगितलं होतं की गाडी दुरुस्त करा, नाहीतर मोडीत घाला, पण हे वाजणं थांबवा.

मग तिनं विचारलं, "पत्रा ताणला कोनं?"

 ती थांबून होती. शेवटी मी सांगितलं की हे आतून झालंय, लाथांनी झालंय. तुमचे मालक बुडताना ह्या बाजूला आले असतील.

तिनं मान हलवली. "त्यायचे पाय खालच्या दांड्यायमंधी अडकले होते. चार जनायनं मिळून काढले. म्या पाह्यलं. ते तिकडच्या सीटवरून हललेच नाई." तिनं त्या फुग्यावर बोट ठेवलं. "मंग इकडून कोनं ठोकलं?"

 मी म्हणालो, मला माहीत नाही. दार आतून उघडलं तर कदाचित काही कळेल. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा ह्यांच्यामध्ये पोकळी असते, खिडकीची काच खाली जायला.

"उघडा," ती म्हणाली.

मी दार बिजागऱ्यांतून काढून दोन लाकडांवर आडवं ठेवलं, आतली बाजू वर. स्क्रू सगळे गंजून बसलेले, म्हणून आतला पत्रा छिन्नीनं कापत गेलो. ती बाजूला उभी होती. बाभळीखाली बुढी येऊन बसली होती. ती कधी आली ते आम्हाला कळलं नाही. अर्धा पत्रा उचलला आणि आतून पाण्याचा वास आला. नाल्याच्या गढूळ पाण्याचा, पहिल्या पुराच्या दिवशी येतो तसा. वैशाखात, जेव्हा हाताच्या घामाशिवाय ओल नव्हती. पोकळीत खालपासून वरपर्यंत गाळ ठासून भरला होता. मी त्यात बोट घातलं. वरचा थर कडक होता, खाली तो ओला होता. सात वर्षांनंतरही ओला.

गाळ मी खुरप्यानं काढत गेलो. काचेचे तुकडे निघाले, शंखशिंपले निघाले. अगदी तळाशी, जिथे तो तिसरा फुगा होता, तिथे काहीतरी जड लागलं. पाण्यानं धुतलं तर चांदीचं कडं. पुरुषाच्या मनगटाचं, जाड, पिळाचं. ते गोल राहिलं नव्हतं. कुणीतरी पकडीनं फाकवून उघडलं होतं. पकडीचे दात चांदीवर स्पष्ट उमटले होते.

"हे त्यायचं नोहे," वहिनी म्हणाली.

मी मान वर केली तेव्हा बुढी कुपाट ओलांडून आत आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती शेडच्या सावलीत येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. मी कडं तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट केलं नाही, नुसतं अंगठ्यानं पीळ चाचपला.

"माह्या पोराचं," ती म्हणाली.

घरातून पाटील येत होते. त्यांनी बुढीला पाहून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण कडं दिसलं तसे ते जागच्या जागी थांबले. बुढीनं कड्याची फाकलेली तोंडं मला दाखवली. तिला तिथली पकडीची खूण मला दाखवावी लागली नाही. तिनं स्वतःच सांगितलं, हळू, आमच्या बोलीत शब्द शोधत: सापानं हाताला डसलं की हात सुजतो, कडं रुतायला लागतं, मग ते फाकवून काढावं लागतं. तिच्या नवऱ्याचंही असंच काढलं होतं. तो वाचला होता.

 मग पाटील खाली, शेंदराच्या डब्याशेजारी, मातीतच बसले. बसल्या बसल्या ते बोलायला लागले. भाऊ गेल्यावर आठवड्यानं ते बरडावर गेले होते. राखणीच्या झोपडीपाशी एक साप मरून पडला होता, डोकं ठेचलेला, मुंग्या लागलेला. आमच्याकडे साप मारला की जाळतात. असा टाकून कुणी जात नाही. त्यांना तेव्हा इतकंच वाटलं होतं की पोरगा किती घाईनं पळाला, साप जाळायलाही थांबला नाही.

"म्या त्याले चोर म्हटलं," ते म्हणाले. "अख्ख्या तांड्यात जाऊन म्हटलं."

गोष्ट मग आपोआप पुढे जुळत गेली, ती कुणी मुद्दाम जुळवली नाही. मोठे पाटील शेतावर पोचले तेव्हा पोराला साप चावलेला होता. त्यांनी हत्यारांच्या पेटीतली पकड घेऊन कडं काढलं, पोराला शेजारी बसवलं आणि कारंज्याच्या दवाखान्याकडे गाडी हाणली. नाल्याला पाणी दिसत असूनही ती पाण्यात घातली, कारण थांबायला वेळ नव्हता. गाडी डावीकडे कलली तेव्हा कडं खिडकीच्या फटीतून दारात पडलं असणार. पोरानं दाराला लाथा मारल्या, दार पाण्याच्या दाबानं उघडलं नाही, मग तो खिडकीतून निघाला. पूर त्याला कुठे घेऊन गेला ते कुणालाच कधी कळलं नाही.

वहिनी गाडीच्या टपाला हात टेकून उभी होती. ओल्या शेंदरानं तिचा तळवा लाल झाला होता. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "म्हंजे ते पिऊन नव्हते." हे तिनं आम्हाला सांगितलं नाही. स्वतःलाच सांगितलं, दोनदा.

बुढी रडली नाही. पाटील तिच्यापुढे टोपी काढून बसले होते, त्यांच्याकडेही तिनं फारसं लक्ष दिलं नाही. ती दारापाशी गेली. दार लाकडांवर आडवं होतं, बाहेरची बाजू खाली. तिनं मला ते उलटवायला सांगितलं. मी उलटवलं. तिनं त्या गंजलेल्या हातावर आपला हात ठेवला, बोटांवर बोटं. तिचा हात लहान होता; त्याच्या चहूबाजूंनी गंजाची कड उरली.

"हा पत्रा तुले लागते का?" तिनं मला विचारलं.

तो मला लागणार नव्हता. आतून इतका सडला होता की मी तो कापून फेकणारच होतो. मी कात्रीनं खिडकीखालचा तेवढा तुकडा कापला, धारेच्या कडा मुडपून दिल्या, म्हणजे तिला लागू नयेत. तिनं तो डोक्यावर मोळीसारखा घेतला आणि कुपाटीवाटे निघून गेली. पाटील तिच्यामागून चालत तांड्यात गेले. अनवाणी गेले, त्यांच्या वहाणा शेडमध्येच राहिल्या. त्या संध्याकाळी ते उशिरा परतले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पण दहा दिवसांनी तांड्यात त्या मुलाचं दिवसकार्य झालं, सात वर्षांनी, आणि वहिनी आपण होऊन तिथे गेली. पाटलांनी गावातल्या पारावर उभं राहून भावाबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. लोकांनी ऐकलं. काही म्हणाले, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं. लोकांना नेहमीच तेव्हाच वाटलेलं असतं.

मला पुष्कळांनी विचारलं आहे, त्या हाताचं काय. मी त्यांना खरं तेच सांगतो. दारात ओला गाळ होता, पत्रा आतून सडत होता, म्हणून वरून कितीही पुसलं तरी गंज परत यायचा. गंज का यायचा ते मला सांगता येतं. तो पाच बोटांचाच का यायचा, ते सांगता येत नाही.

डाव्या दाराला मी पूर्ण नवा पत्रा चढवला. शेंदूर दिला, वर हिरवा रंग दिला. इंजिन अकोल्याहून आलं, एक ड्रायव्हर-मेकॅनिक त्याच्यासोबत आला, त्यानं ते बसवलं. माझं सामान बांधून झालं त्या दिवशी वहिनी ओसरीवर धान्य निवडत बसली होती. मी विचारलं, आता दुपारी काही वाजतं का.

नाही, म्हणाली. दार उघडलं त्या दिवसापासून काहीच नाही. मग सुपातले खडे बाजूला करत म्हणाली, "आता दुपार लय मोठी वाटते, मिस्तरी."

मला कारंज्याला पोचवायला पाटलांनी तीच गाडी काढली. मी डाव्या बाजूला बसलो. नाल्याचा उतार आला तेव्हा पात्र कोरडंठाक होतं, दगडांवर मेंढ्या उभ्या होत्या. पाटलांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.  माझा डावा हात खिडकीबाहेर होता, दारावर टेकलेला. तो तसा कधी गेला ते मला समजलं नव्हतं. मी तो आत घेतला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "जाऊ?" मी म्हटलं, "चला." आणि आम्ही पलीकडे गेलो.

त्यानंतर बरेच दिवस मला दुकानात दुपारी बसवत नव्हतं. माझ्या दुकानावरही टिनच होतं आणि ऊन तापलं की तेही वाजायचं. आयुष्यभर वाजत आलं होतं, मी कधी ऐकलं नव्हतं. आता एक टण् झाला की मी उठून दाराकडे पाहायचो. बायको विचारायची, कोण आहे? कुणी नाही, म्हणायचो. एकदा असाच उठलो तर दारात खरंच माणूस उभा होता, घामाघूम, डोक्याला फडकं बांधलेला. मी त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिलो की तो बिचारा अवघडला. त्याच्या बहिणीचं लग्न होतं. पेटी पाहिजे होती, मोठी, कड्या बाहेरून असलेली. मी त्याला बसायला घोंगडी दिली आणि माप लिहून घेतलं.